तर, तारी आणि उतारू

आपल्या स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा मजकडे लेख मागितला, तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिकनंतर अध्यापनाची पदविका घेऊन प्राथमिक शाळेत पाढे व बाराखडी शिकविणारा मी एक सामान्य शिक्षक. तथापि एका गोष्टीविषयी दोन शब्द लिहिण्याचा अधिकार मला वयाने व पायपिटीने प्राप्त झाला आहे, असे मनात आले. माझ्या नोकरीची सव्वीस वर्षे मांडवी नदीतील बेटांवर गेली, आधी चोडणला व पुढे दिवाडीला. वर्षाचे सुमारे २२० कामाचे दिवस आणि रोजच्या दोन खेपा धरल्या, तर मी ११,००० हून अधिक वेळा नदी ओलांडली असा हिशेब निघतो. विद्यार्थ्यांना घालावे तसे हे उदाहरण मी सेवानिवृत्तीनंतर एका दुपारी सहज सोडवून पाहिले आणि माझा मीच चकित झालो.

आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपूर्वी मुंबईस गेली. त्यांच्या घरी अद्याप आगबोटीच्या गोष्टी निघतात. पणजीच्या धक्क्यावरून निघालेली बोट, मालवण-वेंगुर्ल्याला पडावातून चढणारे उतारू, डेकवर पसरलेल्या चटया आणि भाऊच्या धक्क्यावर दिसलेली मुंबईची पहिली सकाळ. १९७० च्या दशकात 'कोंकण सेवक' आणि 'कोंकण शक्ती' या बोटींची नावे आम्हा मुलांच्या तोंडी असत. आगबोटीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु आगबोटीपर्यंत पोचण्यासाठी बेटावरचा माणूस ज्या लहानशा होडीतून नदी उतरत असे, तिच्याकडे लेखकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. मोठ्या प्रवासाचे वर्णन सगळेच करतात, घराच्या उंबरठ्याचे कोणी करीत नाही. बेटकऱ्याच्या घराचा उंबरठा म्हणजे ही तर.

'तर' हा शब्द नव्या पिढीला ठाऊक नसेल. नदी उतरून नेणारी नाव ती तर, आणि ती चालविणारा तो तरीवाला. गोमंतकात त्यालाच तारी म्हणत व आजही हे आडनाव गावोगाव आढळते. नदीच्या उताराच्या जागेला 'तार' म्हणण्याची रीत होती, शिवोलीची तार सर्वांना माहीत आहे. बसगाडीतील प्रवाशाला आपण 'उतारू' म्हणतो, तेव्हा या शब्दात नदी उतरण्याचा अर्थ दडलेला आहे हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. भाषेच्या तळाशी अशा जुन्या होड्या बुडून राहिलेल्या असतात.

या तरीची व्यवस्था पूर्वी कशी होती? देशावरच्या नदीकाठच्या गावांत कोळी हा बलुतेदारांत मोडत असे. तो गावकऱ्यांना नदी उतरवी आणि सुगीच्या वेळी खळ्यावरून धान्य नेई. दर खेपेला दाम मोजण्याची पद्धत नव्हती. आमच्या बाजूसही असाच काही प्रकार होता, असे माझ्या आजोबांच्या सांगण्यावरून दिसते. ते म्हणत की, घरटी कुडवाच्या मापाने भात तारीला ठरलेले असे, लग्नाचे वऱ्हाड उतरले तर वर एक नारळ व विड्याची पाने मिळत. परगावच्या पाहुण्याने मात्र रोख द्यावे. सुईणीला व वैद्याला हाक मारण्यास निघालेल्या माणसाकडून रात्री-अपरात्रीही काही घेऊ नये असा दंडक होता. या सांगण्यात वृद्धांच्या स्मृतीची थोडी गोडी मिसळली असेल, ते मी नाकारीत नाही. तारीच्या घरी सुबत्ता होती असे मात्र आजोबांनी कधीच सांगितले नाही. तरीसुद्धा या रीतीत एक शहाणपण होते. नदी उतरणे ही विकत घेण्याची वस्तू नसून, बांध राखण्याप्रमाणे ती साऱ्या गावाने मिळून पोसायची गरज आहे, असे त्यात गृहीत धरलेले होते. आपल्या खाजणांचे बांध असेच राखले गेले. ज्याचे शेत बांधापासून दूर, त्यालाही बांधाच्या खर्चातून सुटका नसे, कारण बांध फुटला की खारे पाणी दूर-जवळ पाहत नाही.

राज्यकर्त्यांची दृष्टी मात्र पहिल्यापासून निराळी होती. त्यांना तरीत दोन गोष्टी दिसल्या : पहारा आणि उत्पन्न. इ.स. १५१० मध्ये आल्फोन्सो द आल्बुकेर्कने तिसवाडी जिंकून घेतली. पुढे शेकडो वर्षे मांडवी ही निव्वळ नदी नव्हती, दोन राज्यांमधील ती सीमा होती. बेटातून पैलतीरी जाण्याच्या ठराविक जागा होत्या, त्यांना 'पासो' म्हणत. बाणस्तारी, दावजी इत्यादी ठिकाणी हे पासो होते व प्रत्येकावर एक कप्तान व एक कारकून बसे. यान ह्युखेन व्हान लिन्स्खोटेन नावाचा डच गृहस्थ १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. त्याचा प्रवासग्रंथ १५९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात तो सांगतो की, पैलतीरी जाणाऱ्या एतद्देशीयांच्या उघड्या दंडावर शिक्का उठवीत, परतताना तो दाखवावा लागे, आणि त्यापायी दोन बझरूक द्यावे लागत. ती मिळकत कप्तान आणि कारकून यांची. बझरूक म्हणजे त्या काळचे अगदी हलके नाणे. रक्कम क्षुल्लक होती खरी, परंतु भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या बाईला रोज दंड उघडा करून शिक्का दाखवावा लागत असेल, तर तिला ती क्षुल्लक वाटली नसेल. मला माझ्या वाचनात सापडलेले हे मांडवीवरचे सर्वांत जुने तरभाडे. ते होडीच्या डागडुजीला नव्हते, वल्हे मारणाऱ्याच्या पोटालाही नव्हते, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

दिवाडीच्या नार्वे येथील सप्तकोटेश्वराचे मूळ देवस्थान सोळाव्या शतकात उद्ध्वस्त झाले व देव नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूस नेण्यात आला. त्या नव्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी करविला, हे सर्वश्रुत आहे. पलीकडच्या गावाचे नावही नार्वेच. एका नावाची दोन गावे, मध्ये नदी आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्या नदीवर सरहद्द! देव पलीकडे आणि भाविक अलीकडे, अशा स्थितीत तारीला केवढे मोल असेल याची कल्पना करावी. गोकुळाष्टमीला तेथील तीर्थावर स्नान करण्याची परंपरा आहे. दिवाडीला असताना मीही एका अष्टमीस त्या फेरीने पलीकडे गेलो होतो. पाच-सात मिनिटांची ती वाट. बोटीत एक वृद्धा डोळे मिटून, हात जोडून उभी होती. तिच्या दृष्टीने ती यात्रा बोटीत पाऊल टाकताच सुरू झाली होती.

राज्यकर्त्यांनी पाण्यावर पैसा खर्च केलाच नाही, असे नाही. व्हाइसरॉय कोंदे द लिन्यारेस याने १६३३-३४ च्या सुमारास पणजी ते रायबंदर हा सुमारे ३ किलोमीटरचा दगडी सेतुमार्ग बांधविला. आज त्यावरून बसगाड्या जातात, इतके ते काम भक्कम आहे. मी रोज याच मार्गाने रायबंदरच्या धक्क्यावर येई व समोर चोडण पाही. दलदलीतून तीन किलोमीटरचा दगडी रस्ता राजधानीच्या सोयीसाठी होऊ शकला. समोरच्या बेटाला जाण्यासाठी मात्र पुढची तीनशे वर्षे वल्हेच होते. याचा राग मला तरुणपणी फार येई. आता वयोमानाने राग उरला नाही, नोंद तेवढी करून ठेवतो.

ब्रिटिश मुलखातही तरीकडे पाहण्याची नजर फारशी वेगळी नव्हती. मुंबई इलाख्यात १८६८ साली तरींविषयी कायदा झाला. सार्वजनिक तरी सरकारच्या ताब्यात आल्या, दराचे तक्ते ठरले, बोटींच्या सुरक्षिततेचे नियम झाले, हे चांगले झाले. परंतु तर चालविण्याचा हक्क लिलावाने मक्त्यावर देण्याची पद्धतही त्यातून रुजली. लिलावात जो अधिक बोली करील त्याला मक्ता. आता हा मक्तेदार बोलीचे पैसे कोठून काढणार? दर तर तक्त्याने बांधलेला. मग एकच मार्ग उरतो : खेपा कमी कराव्यात, होडी गच्च भरेपर्यंत ती सोडू नये, आणि डागडुजी पुढच्या मक्तेदारावर सोपवावी. यात मक्तेदाराचा दुष्टपणा असतोच असे नाही, ही सरळ त्रैराशिकाची रीत आहे. कोळ्याच्या बलुत्यात खेपा वाढल्या तरी गावाचा खर्च वाढत नसे, मक्त्यात प्रत्येक रिकामी खेप हा मक्तेदाराचा तोटा ठरला. ज्या तरीवर बाजाराची गर्दी आहे ती अशाने चालते. पन्नास उंबऱ्यांच्या बेटाची तर अशा हिशेबात कायम तोट्यातच निघते.

गोव्यात विसाव्या शतकात यंत्राच्या होड्या आल्या. त्यांना लोक 'गाझोलीन' म्हणत, कारण इंधनाचे नाव तेच बोटीचे नाव. पणजी-बेती दरम्यान त्या चालत. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात शिरले तेव्हा माघार घेणाऱ्या पोर्तुगीजांनी अनेक पूल उडवून दिले. १८ तारखेच्या सायंकाळी बेतीस पोचलेल्या सैनिकांसमोर मांडवीच आडवी होती आणि १९ तारखेच्या सकाळी ती ओलांडून ते पणजीत उतरले. मी त्या वेळी तीन वर्षांचा होतो. आठवत काहीच नाही, पण आमच्या घरी ती गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली की आपण ती पाहिली असावी असा मला भ्रम होतो.

मुक्तीनंतर गोव्याने एक निर्णय घेतला, त्याचे महत्त्व पुरते ओळखले गेलेले नाही. तरी मक्त्याने देण्याऐवजी सरकारने त्या स्वतःच्या खात्यामार्फत चालविल्या. आज नदी परिवहन खाते त्या चालविते. सपाट बुडाची, पुढची फळी खाली पडणारी, माणसे व वाहने एकत्र नेणारी जी फेरीबोट आज गोव्याची ओळख बनली आहे, ती या खात्याची. पायी जाणाऱ्याकडून भाडे घेतले जात नाही. अगदी उत्तर टोकाला केरी-तेरेखोलसारखी फेरीही चालते, जेथे पैलतीरावरचा चिमुकला गाव गोव्याचा आणि त्याच्या पाठीमागची जमीन महाराष्ट्राची. केवळ नफ्यातोट्याच्या वहीवर अशी फेरी एक महिनाही तगली नसती.

आता १९८६ सालाकडे यावे लागेल. मांडवीवरचा नेहरू पूल १९७० च्या सुमारास झाला होता. पूल होताच पणजी-बेतीच्या फेरीचे महत्त्व सरले. धक्क्यावरची चहाची दुकाने ओस पडली, जो तो म्हणू लागला की बोटीचे दिवस संपले. ५ जुलै १९८६ रोजी, शनिवारी, भर पावसात तो पूल कोसळला. पंधरा-सोळा वर्षांतच! मी त्या वेळी चोडणच्या शाळेत होतो. दुसऱ्या दिवसापासून पणजीच्या धक्क्यावर जी दाटी झाली, ती ज्यांनी पाहिली ते विसरणार नाहीत. छत्र्यांवर छत्र्या आदळत होत्या, कारकून, विद्यार्थी, मासळीवाल्या, वकील सारे एकाच उतारावर घसरत उभे. राजधानीतल्या लोकांना त्या पावसाळ्यात प्रथमच उतारू व्हावे लागले. शेवटची बोट किती वाजता, उधाण केव्हा, यंत्र चालू आहे की नाही, हे प्रश्न ते परस्परांना विचारू लागले. आम्ही बेटवाले ते निमूट ऐकत होतो. माझे एक सहकारी शिक्षक हळूच म्हणाले, "मास्तर, आता सगळा गोवा चोडण झाला." मी हसलो, पण त्यांचे म्हणणे थट्टेचे नव्हते. नवा पूल १९९२ च्या सुमारास झाला. तोवर फेरीबोटी व तात्पुरते पूल यांवर उत्तर-दक्षिण गोव्याचा गाडा चालला. सरकारने नफा नाही म्हणून त्या बोटी आधीच मोडीत काढल्या असत्या, तर काय झाले असते?

येथवर वाचून कोणी म्हणेल की, हे गुरुजी सरकारी फेरीची आरती ओवाळीत आहेत. तसे नाही. फुकट बोटीचा एक दोष मी स्वतः पाहिला आहे आणि तो लिहिल्याविना हा लेख प्रामाणिक होणार नाही.

साल व फेरी मुद्दाम सांगत नाही. दहावीच्या परीक्षेचे दिवस होते. केंद्र नदीपलीकडे. बेटावरची नऊ मुले सकाळच्या फेरीसाठी धक्क्यावर आली. त्यांतली बहुतेक माझ्याच हाताखाली पहिली-दुसरी शिकलेली, म्हणून मीही सोबत निघालो होतो. बोट आली नाही. यंत्र बिघडले होते. ते बिघडणार हे आठ-दहा दिवसांपासून दिसत होते, कारण बोट मध्येच दम खाई व खलाशी खाली उतरून काहीतरी ठाकठोक करी. सुटा भाग मागविलेला आहे, एवढेच उत्तर मिळत असे. बदली बोट दुसऱ्या फेरीवर गेलेली. एका मासेमाराने आपली होडी काढली आणि दोन खेपांत आठ मुलांना पलीकडे पोचविले. नववी मुलगी बेटाच्या दूरच्या वाड्यावरची. ती रोजच्या वेळेला, म्हणजे दुसऱ्या फेरीच्या हिशेबाने, धक्क्यावर आली, तोवर होडी ओहोटीच्या जोरात पलीकडे अडकली होती. ती परत येऊन मुलगी केंद्रावर पोचली तेव्हा वेळ टळून गेली होती. त्या दिवशी गणिताचा पेपर होता. पुढच्या वर्षी तिला परीक्षेस बसवा म्हणून मी तिच्या वडिलांना सांगायला गेलो. त्यांनी मला चहा दिला, माझे म्हणणे ऐकून घेतले आणि वैशाखात तिचे लग्न ठरल्याचे सांगितले. ती आज आजी आहे, सुखात आहे. मध्यंतरी बाजारात भेटली तेव्हा पाया पडली. गणिताचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

त्या बोटीवर कोणाकडूनही भाडे घेतले जात नव्हते. स्वस्ताईच्या बाबतीत तिला शंभरपैकी शंभर गुण. परंतु जी होडी फुकट आहे, तिच्याविषयी तक्रार करण्यास माणसे कचरतात, आणि जिचे उत्पन्न नाही तिच्या सुट्या भागाचा कागद टेबलावर तळाशी जातो. आजोबांच्या काळी तारीने होडीला भेग पडू दिली असती, तर सुगीला भात देताना लोकांनी त्याला चार शब्द सुनावले असते. मक्त्याने फेरी सुटली, पण देणाऱ्या-घेणाऱ्यातला हा धागाही सुटला, आणि खात्याच्या हाती आल्यावर तो पुन्हा जोडायचे राहून गेले. भाडे असावे की नसावे हा वाद मला त्यामुळे अपुरा वाटतो. बोट नादुरुस्त झाली तर जाब कोणाला विचारायचा आणि दुरुस्तीचे पैसे आधीच बाजूला काढलेले आहेत काय, हे दोन प्रश्न बेटकऱ्याने आधी विचारले पाहिजेत.

दुसऱ्या बाजूने, पैशाच्या ओढीने काय होते याचा धडा आपल्या किनाऱ्याने फार महाग विकत घेतला आहे. परकीय कंपनीच्या मक्तेदारीला तोंड देण्यासाठी आपल्या लोकांनी सहकारी आगबोट कंपनी काढली होती. कोकणात ती 'माझी आगबोट कंपनी' म्हणून ओळखली जाई. नावातच किती आपलेपणा! संतांची नावे तिने बोटींना दिली. तिची 'रामदास' बोट १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली, आणि काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते, घरोघर आषाढी अमावास्येची तयारी होती. रेवसच्या कोळ्यांनी खवळलेल्या समुद्रात होड्या घालून जे वाचले त्यांना काढले. त्यानंतर पावसाळी वाहतुकीवर कडक निर्बंध आले. तरीही १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' नौकेला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून डझनाहून अधिक जीव गेले, तेव्हा उतारूंच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे का नव्हती, हा जुनाच प्रश्न पुन्हा विचारला गेला. भर थंडीत, शांत समुद्रात, दिवसाढवळ्या घडलेली ती गोष्ट. जाकिटाची किंमत भाड्यात धरलेली नसेल, तर ते भाडे स्वस्त म्हणता येत नाही.

मधला मार्ग आहे काय? आहे, आणि तो आपल्याच किनाऱ्यावर दिसतो. रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळ-धोपावे येथे २००३ पासून खाजगी फेरीबोट चालते. मोटारी, मालवाहू गाड्या यांचा फेरा वाचतो, त्यांच्या भाड्यावर बोटीचा मुख्य खर्च निघतो, आणि पायी जाणारा त्याच बोटीतून थोडक्या पैशांत उतरतो. वेश्वी-बागमांडले, आगरदांडा-दिघी येथेही पुढे अशा फेऱ्या सुरू झाल्या. जुन्या रीतीचा हा नवा अवतार आहे : परगावच्या पाहुण्याने रोख द्यावे आणि गावच्या माणसाची वाट चालू राहावी. मात्र जेथे रस्त्याचा फेरा वाचविणारी वाहने आहेत तेथेच हे जमते. आत काही नाही, पलीकडेही काही नाही अशा लहानशा बेटाला हा उपाय पुरत नाही, तेथे सरकारच हवे.

सर्वांत मोठा खर्च डिझेलचा. त्यावर केरळाने उपाय काढला. तेथील राज्य जलवाहतूक खात्याने जानेवारी २०१७ मध्ये वैकोम ते तवणक्कडवू या मार्गावर 'आदित्य' नावाची ७५ उतारूंची बोट सुरू केली, ती छपरावरच्या सौरपट्ट्यांवर चालते. एप्रिल २०२३ मध्ये कोचीत विजेच्या बोटींची जलमेट्रो सुरू झाली, खाडीतली बेटे शहराशी जोडणे हाच तिचा हेतू आहे. त्या बोटी कोचीच्या गोदीतच बांधल्या आहेत. आमच्या मांडवीत ऊन काही केरळापेक्षा कमी पडत नाही. पाच-दहा मिनिटांची खेप, दोन्ही तीरांवर थांबा, रात्री विश्रांती, असे वेळापत्रक ज्या बोटीचे आहे तिला बॅटरीचे बळ पुरणार नाही, असे मला अडाण्याला तरी वाटत नाही. जाणत्यांनी सांगावे.

गोव्यात २०२३ च्या अखेरीस दुचाक्यांना शुल्क लावण्याचा बेत पुढे आला आणि बेटकऱ्यांनी विरोध केल्यावर तो थांबला. त्या वेळी पणजीतले एक सुशिक्षित गृहस्थ मला म्हणाले, "फुकटची सवय लागली आहे लोकांना." मी त्यांना विचारले की, आपण घरून कचेरीपर्यंत रस्त्याने आलात, त्याचे काय मोजलेत? ते गप्प बसले. परंतु त्यांच्या मागे मी ते बोलणे मनात घोळविले आणि वाटले, आपणही अर्धेच बोललो. रस्त्यावर खड्डा पडला की ते गृहस्थ वर्तमानपत्रात पत्र लिहितात. आमच्या बेटावरून बोटीच्या यंत्राविषयी कोणी पत्र लिहिल्याचे मला आठवत नाही. मीही लिहिले नाही, त्या मुलीच्या वेळीसुद्धा.

जुलै २०२५ मध्ये रायबंदर-चोडण मार्गावर 'गंगोत्री' आणि 'द्वारका' या दोन नव्या रो-रो बोटी आल्या. जुन्या बोटींपेक्षा त्या कितीतरी मोठ्या आहेत. मी मुद्दाम पाहण्यास गेलो. लोखंडी कठड्याला टेकून उभा राहिलो आणि सवयीने घड्याळ पाहिले, शाळेची घंटा व्हायला अजून किती वेळ आहे ते! शेजारी गणवेशातल्या दोन मुली पाठांतर करीत होत्या. पलीकडे खारफुटीवर बगळे होते. पूल हवा की नको, हा वाद चोडणला आणि दिवाडीला अनेक वर्षे चालू आहे. रात्री आजारी पडणाऱ्याला पूल हवा असतो, आणि पूल झाला की जमिनी जातील या भीतीने दुसऱ्याला तो नको असतो, दोघांचेही खरे आहे. पूल होईल तेव्हा होईल. तोवर आणि १९८६ ध्यानी ठेवले तर त्यानंतरही, बोट लागणारच आहे.

जाता जाता वाचकांस एक विनंती. तारींच्या जुन्या ठरावांचे, भाताच्या मापांचे किंवा तरीच्या मक्त्याचे कागद आपल्या ज्ञातीतील काही घरांत असतील. माझ्या आजोबांच्या पेटीत असा एक कागद होता असे म्हणतात, तो वाळवीने खाल्ला. ज्यांच्यापाशी असे काही शिल्लक असेल, त्यांनी त्याची नक्कल करून संस्थेच्या कार्यालयाकडे धाडावी. मूळ कागद आपल्याजवळच जपून ठेवावा, आणि शक्य तर त्यात कडुनिंबाची चार पाने घालून ठेवावीत.